लबाडीचं बोट

घोटवण्याच्या सिद्धोबाचं दार बरोब्बर पूर्वेला आहे. तसूभर इकडं नाही, तसूभर तिकडं नाही. ज्यांनी मोबाईल काढून दिशा बघायला सुरुवात केली असेल त्यांनी तो खुशाल परत खिशात घालावा. हा डोंगर काळ्या पाषाणाचा, त्याच्या पोटात लोखंडाचा अंश, त्यामुळे इथं होकायंत्राचा काटा ताडी प्यायल्यासारखा झुलतो. मागं एकदा घरं बांधायचं शिकणारी कॉलेजची पोरं आली होती. जितके मोबाईल तितक्या पूर्वा! अखेर त्यांच्या मास्तरांनी उन्हात उभं राहून सूर्याचा दिगंश मोजला. दिगंश म्हणजे उत्तरेपासून सूर्य आडवा किती सरकलाय, ते माप. त्यावरून हिशेब केला तेव्हा कुठं दार खरं ठरलं.

"कमाल आहे," मास्तर म्हणाले, "एवढं नेमकं आखलं कुणी?"

देवळाचा गुरव बापूराव पायरीवर बसला होता. तो म्हणाला, "दोन लबाड माणसांनी."

पोरं हसली. बापूराव हसला नाही. त्याला ही गोष्ट त्याच्या आजोबांनी सांगितली, त्यांना त्यांच्या आजोबांनी. खरीखोटी सिद्धोबाला ठाऊक. बापूराव सांगतो ती अशी.

तेव्हा इथं देऊळ नव्हतं. होतं ते फक्त मागचं तळं, आणि तळ्याच्या दोन बाजूंना दोन आळ्या. उत्तरेला वरली आळी, दक्षिणेला खालली आळी. तळं एक आणि तहानलेली शेतं दोघांची. उन्हाळा लागला की बांध फोडायचा, रातोरात पाणी आपल्याकडं वळवायचं, आणि सकाळी एकमेकांची डोकी फोडायची, हा म्हणे पिढ्यान् पिढ्यांचा शिरस्ता. अशाच एका मारामारीत वरल्या आळीचा पाटील कुदळीच्या घावानं पडला. घाव कुणाचा, ते त्या गर्दीत कुणी पाहिलं नाही. त्याच्या बायकोनं, आवडाईनं, मात्र मनात नाव पक्कं करून ठेवलं: खालल्या आळीचा म्होरक्या, हैबती.

आवडाई मुळातच संशयी. नवरा गेल्यावर तर तिचा सख्ख्या सावलीवरही भरवसा राहिला नाही. शेजारणीनं दूध धाडलं तर आधी मांजरीला पाजायची, आणि मांजर जिवंत राहिली तर मांजरीकडंही वाकड्या नजरेनं बघायची. कुणी हसून बोललं की हिच्या मनात पाल चुकचुकलीच. लोक म्हणायचे, पाटलीणबाई देवाला नमस्कार करतात तोसुद्धा एक डोळा उघडा ठेवून. चेष्टा करत, पण तोंडावर नाही.

तिला एकुलता एक मुलगा, रायाजी. मिसरूड फुटलं, हात भरले, तसा तो बापाची कुऱ्हाड रोज घासायला लागला. ती घासण्याचा आवाज ऐकला की आवडाई हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहायची. नवरा पाण्यापायी गेला. आता पोरगाही त्याच वाटेनं निघाला होता.

म्हणूनच दोन्ही आळ्यांच्या पंचांनी तोड काढली तेव्हा सगळ्यांत आधी मान डोलावली ती आवडाईनं. तोड अशी: तळ्याच्या बांधावर सिद्धोबाचं देऊळ बांधायचं. त्याच्या जोत्याखालून पाट काढायचा, आणि देवाचं तोंड जिकडं, तिकडंच पाट नाकासमोर चालवायचा. देवाचं तोंड पूर्वेला. खाली शिवारात पूर्वेच्याच रेषेत एक टोकदार धोंडा आहे, अजूनही आहे, त्याच्या एका अंगाला वरल्या आळीची शेतं नि दुसऱ्या अंगाला खालल्या आळीची. पाट सरळ गेला तर पाणी धोंड्याच्या नाकावर आपटून निम्मं-निम्मं फुटणार. देवळात केसभर फरक पडला तर धोंड्यापाशी तो हातभर होणार, आणि सगळं पाणी एकाच आळीला. अक्षय तृतीयेला पाणी सोडायचं ठरलं. तोवर निदान जोतं आणि पाट तरी व्हायला हवा होता. देऊळ मागाहून चढलं असतं तरी चाललं असतं.

रायाजी म्हणाला, "आई, अर्धं म्हणजे अर्धं. पसाभर कमी आलं तर मी त्या धोंड्यावरनं मागं फिरणार नाही."

"आणि जास्त आलं तर?" आवडाईनं विचारलं.

"तर ते लोक फिरणार नाहीत."

दिशा आखायला लांबच्या गावाहून कान्हू पाथरवटाला बोलावलं. माणूस हाताचा पक्का, जिभेचा तिखट. त्यानं बांधाजवळ सपाट जागा केली, मधोमध एक सरळ खुंटी उभी रोवली, आणि खुंटीला दोरी बांधून भोवती एक गोल रिंगण आखलं. सकाळी खुंटीची सावली पश्चिमेला लांब पडते, मग आखडत येते. तिचं टोक रिंगणाला टेकलं तिथं त्यानं एक खूण केली. दुपार कलल्यावर सावली पूर्वेच्या अंगानं परत लांबत गेली, टोक पुन्हा रिंगणाला टेकलं, तिथं दुसरी खूण. दोन्ही खुणा दोरीनं जोडल्या. "ही तुमची पूर्व-पश्चिम," तो म्हणाला, आणि चिलीम पेटवली.

चिलीम खाली पडली ती आवडाईच्या ओरडण्यानं. दुसऱ्या दिवशी पहाटेच उठून ती त्या दोरीवर जाऊन उभी राहिली होती. चैत्रपाडवा होऊन आठवडा लोटलेला. दोरीचं टोक एकीकडं आणि सूर्य उगवला तो चांगला डाव्या हाताला, वरल्या आळीच्या अंगाला!

"सूर्य तिकडं आणि रेघ इकडं? उगवतो ती पूर्व हे शेंबडं पोरही सांगेल. हैबतीच्या घरचं ताक पिताना ह्याला मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. ताकावारी आमचं पाणी विकलं मेल्यानं!" आणि तिनं खुंटी उपटून तळ्यात भिरकावली.

कान्हू कपाळाला हात लावून म्हणाला, "बाई, सूर्य काय रोज एकाच दारातनं बाहेर येतो? संक्रांतीच्या सुमाराला तो पार त्या दक्षिणेच्या सुळक्यामागनं उगवतो, आता उत्तरेला सरकलाय. उगवतीच्या भरवशावर बांधलंत तर देवाचं तोंड दर महिन्याला फिरवावं लागेल. तो कुठनंही उगवो, सकाळी चढतो तसाच दुपारी उतरतो. म्हणून दोन्ही वेळच्या सारख्या सावल्या धरायच्या. त्या जोडल्या की पूर्व चुकत नाही, कुठलाही महिना असो."

"हो का?" हैबती मिशीत हसला. "पाटलीणबाईंना सूर्यसुद्धा आपल्याच आळीत राहायला आलेला पाहिजे."

"आणि तुला तो संक्रांतीचा पाहिजे," आवडाईनं फटकारलं. कान्हूचं म्हणणं तिला कळलं नव्हतं असं नाही. कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि पटणं वेगळं. ज्याच्या पोटात हैबतीचं ताक, त्याच्या तोंडात हैबतीचंच बोलणं असणार, असा तिचा हिशेब.

कान्हूनं हात झटकले. "माझ्यावर भरवसा नाही ना? मग मी खुंटीला बोट लावणार नाही. तुमच्यातल्याच दोघांनी बसा, सावली धरा, खुणा करा. मी त्या खुणांवर दोरी धरीन, संपलं."

मग कोण बसणार? वरल्या आळीनं आवडाईचं नाव घेतलं, खालल्या आळीनं हैबतीचं. पंचांनी नवी खुंटी त्याच जागी रोवली, आणि दोघं रिंगणाच्या दोन बाजूंना समोरासमोर येऊन बसली. आता बघा, गंमत काय झाली. आवडाईची नजर हैबतीच्या हातांवर, हैबतीची आवडाईच्या पदराखालच्या हातांवर. तो खाजवायला हात हलवी, ही दचके. ही पदर सावरी, तो उठून उभा राही. अशानं सकाळ गेली. सावली आपली आली, रिंगणाला टेकली आणि आत शिरली. बघितलं कुणी? कुणीच नाही! लांब झाडाखाली बसलेला कान्हू ओरडला तेव्हा दोघांनी खाली पाहिलं, तर सावली खुंटीपाशी जाऊन बसलेली. सूर्य आपल्या वाटेनं चालला होता आणि ही दोघं एकमेकांची राखण करत होती.

"चोर पकडायला बसलात की सावली?" कान्हू म्हणाला. "उद्या पाठीला पाठ लावून बसा. एकानं पश्चिमेकडं बघायचं, सकाळची खूण त्याची. दुसऱ्यानं पूर्वेकडं, दुपारची खूण त्याची. मागं वळून बघायचं नाही. जमिनीवर बघायचं."

तसंच ठरलं. हैबती पश्चिमेला तोंड करून बसला, आवडाई पूर्वेला. खुंटीचं ऊन अडू नये म्हणून तिच्या दक्षिणेला जरा सरकून, पाठी एकमेकींना टेकलेल्या. ज्याच्यावर नवऱ्याचा जीव घेतल्याचा संशय, त्याच्या पाठीचा घाम आपल्या पाठीला लागतोय, ह्यानं आवडाईच्या अंगावर काटा आला. पण ती हलली नाही. मनात एकच, रायाजीची कुऱ्हाड.

सकाळच्या प्रहरी मागं हैबतीची हालचाल तिला कळली. तो पुढं वाकला. मग काहीच आवाज नाही. मग मेख ठोकल्याचा आवाज. सावली टेकली तर टेकली, मेख ठोकायला एवढा वेळ कशाला? आवडाईच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. हा मधला वेळ कशात गेला? सरकवली. नक्की सरकवली असणार. सकाळची खूण बोटभर उत्तरेला सरकवली की दोरीचं पुढचं टोक दक्षिणेला झुकतं, हे काय हैबतीला कळत नाही? मधोमध तोललेला वासा एका टोकाला उचलला की दुसऱ्या टोकाला खाली जातो, तसंच ते. मग पाणी खालल्या आळीला. मग रायाजी धोंड्यावर. मग...

पुढचं तिच्या डोळ्यांसमोर आलं आणि तिनं डोळे मिटले नाहीत, कारण सावली धरायची होती.

दुपार कलली. सावलीचं टोक हळूहळू रिंगणाकडं आलं आणि टेकलं. आवडाईनं मेख हातात घेतली. क्षणभर वाटलं, नको. ह्यानं नसेल सरकवली तर? लगेच दुसरं मन म्हणालं, हैबती आणि इमानी? रेडा दूध देईल त्या दिवशी! तिनं सावलीच्या टोकाला लागून आपलं बोट रिंगणावर आडवं ठेवलं आणि बोटाच्या पलीकडं, उत्तरेच्या अंगाला, मेख ठोकली. एकच बोट. त्याहून जास्त केलं असतं तर कान्हूच्या डोळ्यांत आलं असतं.

कान्हूनं येऊन दोन्ही मेखांकडं पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं, असं आवडाईला वाटलं. पण तिला सगळंच जास्त वाटायचं. त्यानं मेखांवर दोरी ताणली, त्या दोरीला धरून खुंटीवरून पायाची रेघ ओढली आणि दोरी गुंडाळायला घेतली. एवढ्यात पंचांनी शपथेसाठी बेलभंडारा आणला.

ह्याची तिला कल्पना नव्हती. हैबतीनं पुढं होऊन बेल आणि भंडारा उचलला, कपाळाला लावला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "सावलीच्या टोकावरच मेख ठोकली. खोटं असेल तर सिद्धोबा मला बघून घेईल." आवडाई चाट पडली. सिद्धोबाचा भंडारा उचलून खोटं बोलायची छाती त्या काळी कुणाची नव्हती. जन्मात पहिल्यांदा तिनं एका माणसावर विश्वास ठेवला, आणि तोही हैबतीवर! म्हणजे तो सच्चा आणि लबाड आपण? पण सगळे बघत होते. तिनंही भंडारा उचलला. तिनंही तेच शब्द म्हटले. तिचा आवाज कापला नाही, म्हणतात. भंडारा मात्र तिच्या बोटांतून सांडत होता.

त्या दिवसापासून आवडाईचं अन्नावरचं मन उडालं. जोतं चढत होतं, पाटाचे दगड बसत होते, आणि हिला घास गिळेना. तिच्या हिशेबानं आता पाणी वरल्या आळीला जास्त येणार होतं. दुसरी कुणी खूश झाली असती. पण जास्त आलं की खालली आळी कुऱ्हाडी घेऊन धावणार, आणि त्यांच्यापुढं सगळ्यांत आधी कोण उभा राहणार? रायाजीच. आपल्याच बोटानं आपण पोराच्या मरणाची रेघ ओढली! सांगावं तर खोटी शपथ उघडी पडते, वरली आळी तोंड काळं करून हाकलते. न सांगावं तर पोरगा जातो. सांगते सांगते म्हणून ती दोनदा पंचांच्या ओट्यापर्यंत गेली आणि दोनदा पाणी पिऊन परत आली.

अक्षय तृतीया उजाडली. आवडाईनं रायाजीच्या हाताला धरलं. "तू धोंड्यापाशी येऊ नको."

"का? रेघ तर तूच आखलीस. खोट असेल का तिच्यात?"

ती त्याच्या मागोमाग चालत गेली.

धोंड्याच्या दोन्ही अंगांना दोन आळ्या उभ्या. कुणी उघड कुऱ्हाड घेतलेली, कुणी घोंगडीखाली. वर बांधावर कान्हूनं पाटाच्या तोंडाचं दार उचललं. पाटातून पाणी आलं, धूळ, पालापाचोळा पुढं ढकलत, सरळ. आवडाईला ते येताना बघवेना. ती रायाजीच्या आणि खालल्या आळीच्या मधे जाऊन उभी राहिली. घाव आला तर आधी आपल्यावर यावा, एवढंच तिच्या मनात.

पाणी धोंड्याच्या नाकावर आपटलं आणि फुटलं. निम्मं ह्या अंगाला, निम्मं त्या अंगाला. अगदी निम्मं.

"अर्धं कसं?"

शब्द आवडाईच्या तोंडून निघून गेले. आणि नेमके तेच शब्द, त्याच घडीला, पलीकडून हैबतीच्या तोंडून निघाले.

कुणालाच नवल वाटलं नव्हतं. ठरलं होतं अर्धं, आलं अर्धं, त्यात नवल कसलं? नवल वाटलं ते फक्त दोघांना. दोन्ही आळ्या त्या दोघांकडं बघायला लागल्या. आवडाई आणि हैबती एकमेकांकडं बघायला लागली. आणि वरून पाटाच्या कडेकडेनं खाली आलेला कान्हू पोट धरून हसायला लागला.

"आई," रायाजी म्हणाला, "अर्धंच यायचं होतं ना? मग तू दचकलीस का?"

हैबतीनं मान खाली घातली.

कान्हू म्हणाला, "मी सांगतो. दोन्ही मेखा रिंगणावर एकेक बोट उत्तरेला. ह्यानं रेघ दक्षिणेला झुकवली, हिनं तेवढीच उत्तरेला ओढली. होती तिथं राहिली! दोरी ताणली तेव्हा ती माझ्या पहिल्या दोरीसारखीच सरळ, पण बोटभर उत्तरेला पडली, तेव्हाच मला कळलं होतं. बोललो असतो तर दोघांनी मिळून मलाच चोर ठरवलं असतं, आणि रेघ तर खरी होती. अरे, ह्या दोघांतलं एक जरी त्या दिवशी इमानानं वागलं असतं ना, तर आत्ता ह्या पाटात रक्त वाहिलं असतं."

कुणी हसलं नाही, कुणी चिडलंही नाही. खोटी शपथ दोन्हीकडची, मग दगड कुणी कुणाला मारायचा? रायाजीनं आईकडं पाहिलं. मग कुऱ्हाड खाली टाकली आणि पाटाच्या काठी बसून ओंजळीनं पाणी प्यायला. ते बघून दोन्हीकडची माणसं बसली.

आवडाईला रडू फुटलं. पोरगा वाचला म्हणून रडली, लाज वाटली म्हणूनही रडली. मग डोळे पुसून ती हैबतीपाशी गेली. एवढी वर्षं जे मनात कुजत होतं ते तिनं सगळ्यांदेखत विचारलं, "माझ्या धन्यावरचा घाव तुझा होता का?"

"नाही," हैबती म्हणाला. "आई भवानीची शपथ, नाही."

त्याच्या आवाजात खोट नव्हती, असं सांगतात. पण भंडारा उचलतानाही नव्हती. खोटी शपथ घेतलेल्या माणसाची खरी शपथ ओळखायची कशी? आवडाईचा विश्वास बसला की नाही, हे तिनं मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. पण त्यानंतर ती दर अक्षय तृतीयेला त्याच्या शेजारी, धोंड्यावर, पाणी बघायला जाऊन बसायची. बोलायची नाही. नुसती बसायची.

पंचांनी मग ठरवून टाकलं. ह्या गावात माणसं इमानानं वागतील असं धरून चालायचं म्हणजे संकट. त्यापेक्षा दोघांनी सारखीच लबाडी करावी, उघड करावी. आजही घोटवण्यात घराचा पाया आखायचा तर खुंटी रोवतात, रिंगण काढतात, आणि घरधन्याचं ज्याच्याशी वाकडं असेल त्यालाच मानानं बोलावून पाठीला पाठ लावून बसवतात. सकाळी एकजण बोटभर सरकवतो, दुपारी दुसरा. ते लबाडीचं बोट. ज्याचं कुणाशीच वाकडं नाही त्याची पंचाईत होते. मागं तलाठ्याच्या नोकरीवर आलेल्या एका भल्या गृहस्थाला पाया घालण्याआधी मुद्दाम शेजाऱ्याशी कोंबडीवरून भांडण काढावं लागलं.

इथवर सांगून बापूराव उठतो, धोतर झटकतो. पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारतंच, "आणि एखाद्यानं बोट सरकवलंच नाही तर?"

बापूराव हातानं गावाच्या टोकाला दाखवतो. तिथं एक घर आहे. सगळ्या घरांच्या ओळीत तेवढंच तिरकं, दार भलतीकडं तोंड करून, पावसाळ्यात झड थेट चुलीपर्यंत. तीनदा विकलं गेलं, कुणाला लाभलं नाही.

"तिथं बसवला होता तो माणूस," बापूराव म्हणतो, "फार सज्जन होता."